एका खुनाचे अनेक वाटेकरी

६ ऑक्टोबर १९८१ रोजी जीता सिंग नावाच्या कैद्याला फाशी देण्यात आली. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनाबद्दल त्याला, काश्मिरा सिंगला आणि हरबन्स सिंगला पिलीभीतच्या सत्र न्यायालयाने १९७५ मध्ये एकत्रच फाशी सुनावली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिन्ही शिक्षा एकत्रच कायम केल्या. तिथून पुढे मात्र तिघांचे रस्ते फुटले. सर्वोच्च न्यायालयात तिघे वेगवेगळे गेले आणि वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे उभे राहिले. जीता सिंगचा अर्ज १९७६ मध्ये फेटाळला गेला. काश्मिरा सिंगची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. हरबन्स सिंगचा अर्ज १९७८ मध्ये फेटाळला गेला, पुढे फेरविचाराचा अर्ज आणि दयेचा अर्जही गेला. जीता सिंगबरोबर त्याच दिवशी त्यालाही फासावर जायचं होतं. त्याने ऐनवेळी रिट दाखल केली आणि स्थगिती मिळवली, म्हणून तो वाचला.

फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे प्रकरण तपासलं, तेव्हा तिघांच्या सहभागात काहीच फरक नव्हता हे उघड झालं. तिघांचा वाटा सारखा, पुरावा सारखा. आणि एकजण फासावर गेलेला, एकजण जन्मठेप भोगत असलेला, एकजण अधांतरी. काश्मिरा सिंगची फाशी रद्द झाल्याचं जीता सिंगच्या बाबतीत कोणी कोणाच्या लक्षातच आणून दिलं नव्हतं. चंद्रचूडांनी हरबन्स सिंगची फाशी जन्मठेपेत बदलावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली. फाशी देण्याआधी सहआरोपींपैकी कोणाची शिक्षा कमी झाली आहे का, हे तुरुंग अधीक्षकाने स्वतः तपासावं, असंही सांगितलं. जीता सिंगच्या बाबतीत करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

हा खटला वाचताना अन्याय लगेच डोळ्यांत भरतो, कारण त्यात वाटा सारखा होता आणि शेवट निराळा झाला. आपल्या न्यायालयांत एरवी घडतं ते याच्या उलट असतं. एकाने कोयता चालवला, दुसऱ्याने हात धरले, तिसरा गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल चालू ठेवून थांबला, चौथ्याने आठवडाभर आधी पैसे मोजले, पाचवा मित्रांबरोबर निघाला म्हणून गेला. खटला एक, कलम एक आणि शेवटी शिक्षाही एक. वाटा निराळा आणि शेवट सारखा, हा अन्याय डोळ्यांत भरत नाही, कारण तो कायद्याला धरूनच झालेला असतो. या लेखात मला तो उलगडून पाहायचा आहे. दोष ठरवताना सगळ्यांना एका दाव्याला बांधणं योग्यच आहे, असं माझं मत आहे. पण शिक्षा ठरवताना ती गाठ सोडवायची असते, आणि खुनाच्या बाबतीत आपल्या कायद्याने त्यासाठी जवळजवळ जागाच ठेवलेली नाही.

आधी दोष ठरवण्याविषयी. भारतीय दंड संहितेचं कलम ३४ म्हणजे समान इरादा. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३ च्या पाचव्या पोटकलमात आहे. अनेकांनी मिळून एखादं कृत्य केलं असेल, तर प्रत्येकाने ते एकट्यानेच केल्यासारखं धरायचं. सर्वांचा समान इरादा पुढे नेण्यासाठी ते कृत्य झालेलं असावं, ही अट १८७० च्या दुरुस्तीने घातली गेली. या कलमाचा अर्थ पक्का केला तो कलकत्त्याच्या शंखारीटोला पोस्टातल्या खुनाने. ऑगस्ट १९२३ मध्ये तिथे पोस्टमास्तर पैसे मोजत बसले असताना काहीजण पिस्तुलं घेऊन दाराशी आले, त्यांनी पैसे मागितले आणि गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर जागीच गेले. पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी अंगणात उभा होतो, गोळी मी झाडली नाही. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर हे प्रकरण आलं, तेव्हा लॉर्ड सम्नर यांनी ते म्हणणं फेटाळलं. नुसता उभा राहणाराही त्या कामात असतोच, हे सांगताना त्यांनी मिल्टनच्या एका सुनीताची आठवण दिली. गेली १०० वर्षं देशातल्या सत्र न्यायालयांत हा निकाल वाचला जातो आहे.

या नियमावर टीका करणं सोपं आहे, पण तो नसता तर काय झालं असतं याचा विचार करावा लागतो. शवविच्छेदनाच्या अहवालात १७ जखमा असतात. त्यातली कोणती जिवावर बेतली हे डॉक्टर सांगू शकतात, ती कोणाच्या हातून झाली हे सांगू शकत नाहीत. प्राणघातक वार कोणाचा, हे सिद्ध करण्याची सक्ती सरकार पक्षावर असती, तर चौघांनी मिळून मारणं हाच सुटकेचा हमखास मार्ग ठरला असता. शिवाय माणसाचे हात पाठीमागे धरून ठेवणाऱ्याशिवाय कोयतेवाल्याचं काम झालंच नसतं. मृताच्या आईला त्या दोघांत फरक करायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मात्र या नियमाची हद्द कुठे संपते हे पाहणारा न्यायाधीश लागतो. असे एक होते व्हिव्हियन बोस. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य या १९५४ च्या डिसेंबरमधल्या निकालात त्यांनी जे लिहिलं, ते आजही या विषयातलं सगळ्यात स्पष्ट लेखन आहे. कुऱ्हाडी आणि काठ्या घेतलेल्या पाचजणांनी एका माणसाला शेतात गाठून मारलं होतं. पाचही जणांनी आधी काही ठरवलं होतं याचा पुरावा नव्हता. बोस यांचं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या मनात मारण्याचा इरादा असेल, तो अगदी एकसारखाही असेल, तरी तेवढ्याने तो सगळ्यांचा मिळून झालेला इरादा ठरत नाही. त्यासाठी आधी मनं जुळलेली असावी लागतात, मग ती घटनेच्या क्षणभर आधी का जुळलेली असेनात. दोन्हींमधला पडदा पातळ आहे, पण तो आहे, आणि तो दिसला नाही तर निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो. त्या खटल्यात पांडुरंगची खुनाची शिक्षा रद्द होऊन त्याला गंभीर दुखापतीबद्दल १० वर्षांची शिक्षा झाली. अपिलात आलेल्या बाकी दोघांचा खुनाचा दोष कायम राहिला, पण फाशी गेली.

जमावाचा प्रश्न याहून अवघड आहे. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव असेल, तर जुन्या कलम १४९ खाली (आताचं १९०) जमावातल्या प्रत्येकावर खुनाची जबाबदारी येते. इथे समान इरादाही लागत नाही. जमावाचा समान उद्देश आणि त्यातून काय घडू शकतं याची जाणीव एवढं पुरतं. खेड्यातल्या भाऊबंदकीत याचा परिणाम काय होतो हे फौजदारी वकिलीत वर्ष-दोन वर्षं काढलेला कोणीही सांगेल. फिर्यादीत सगळं घर गुंतवलं जातं. बांधावर भांडण दोघा भावांचं झालेलं असतं, नावं मात्र म्हाताऱ्या बापापासून कॉलेजात शिकणाऱ्या पोरापर्यंत टाकली जातात. सर्वोच्च न्यायालयाला याची कल्पना होती. १९६४ च्या मसाल्टी खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की मोठ्या जमावाच्या प्रकरणात एखाद्याचा सहभाग दोन, तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे सांगितला असेल तरच त्याला दोषी धरावं. केवळ बघे म्हणून जमलेले लोक जमावाचे सदस्य होत नाहीत, हेही त्यात स्पष्ट झालं. कायदा म्हणून ही चाळणी चांगली आहे. पण तिच्यातून एकदा खाली पडला, की दगड मारणारा आणि चिथावणारा यांच्यात काही अंतर उरत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठेचून मारण्यात आलं. भिक्षेसाठी फिरणारी मंगळवेढ्याकडची ही माणसं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. जमाव शेकडोंचा होता आणि मोबाईलवर चित्रणही झालं. खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेव्हाही मारणारा जमाव होता. खटला ११ जणांवर चालला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहाजणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये त्या सहाही जणांची फाशी काढून २५ वर्षांची जन्मठेप दिली. अशा घटनांत मारणारे, अडवणारे, ओरडणारे आणि दारं लावून घरात बसणारे असे थर असतात. कायदा त्यांतल्या पहिल्या तिघांना एका ओळीत उभं करतो आणि चौथ्याला सोडून देतो. मला स्वतःला चौथ्याबद्दलचा प्रश्न जास्त छळतो, पण त्याचं उत्तर दंड संहितेत शोधण्यात अर्थ नाही.

आता शिक्षेकडे येऊ. खुनाला शिक्षा दोनच: मृत्यू किंवा जन्मठेप. जुनं कलम ३०२ असो वा नवं १०३, जन्मठेपेच्या खाली पायरी नाही. कलम ३४ ने, १४९ ने, कटाच्या कलमाने किंवा चिथावणीच्या कलमाने जो खुनात ओढला गेला, त्याला न्यायाधीशाची इच्छा असली तरी १० किंवा १२ वर्षं देता येत नाहीत. गंमत अशी नव्हे, खेदाची गोष्ट अशी, की दरोड्यात खून झाला तर कायदा वेगळं बोलतो. जुन्या कलम ३९६ मध्ये मृत्यू आणि जन्मठेपेबरोबर १० वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचाही पर्याय होता. नव्या संहितेतही तिथे जन्मठेपेच्या खालची पायरी ठेवली आहे. म्हणजे दरोडा घालायला गेलेल्या टोळीतल्या बॅटरी धरणाऱ्याला न्यायाधीश कमी शिक्षा देऊ शकतो, आणि भावकीच्या भांडणात भावामागे काठी घेऊन गेलेल्या १९ वर्षांच्या मुलाला देऊ शकत नाही. यामागे कोणतं तत्त्व आहे हे मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

ही अडचण किती जुनी आहे ते गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात दिसतं. लाल किल्ल्यात चाललेल्या त्या खटल्याचा निकाल न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिला. गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे आणि सूत्रं हलवणारा नारायण आपटे यांना फाशी. विष्णू करकरे, मदनलाल पाहवा, गोपाळ गोडसे, शंकर किस्तय्या आणि डॉ. दत्तात्रय परचुरे यांना जन्मठेप. वि. दा. सावरकर निर्दोष. यातला मदनलाल खुनाच्या दिवशी पोलीस कोठडीत होता. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट घडवल्यावर तो पकडला गेला होता. पण सगळ्यात बोलका आहे तो शंकर किस्तय्या. हा पुण्यातल्या दिगंबर बडगेचा नोकर. मालक जिथे जाईल तिथे हा जायचा, सांगितलं ते करायचा. बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. नोकराला जन्मठेप झाली. न्यायाधीशांना हे खटकलं होतं, पण कायद्यात खालची पायरी नव्हती. म्हणून त्यांनी जन्मठेप सुनावली आणि ती सात वर्षांवर आणावी अशी शिफारस सरकारला केली. न्यायाधीशाने आपल्याच निकालात, योग्य शिक्षा ही आहे पण मला ती देता येत नाही, असं सांगण्यासारखंच हे होतं. पुढे पंजाब उच्च न्यायालयाने शंकरला आणि परचुरेंना निर्दोष सोडलं.

खालची पायरी नसली की न्यायालयं आडवाटा शोधतात. पहिली वाट म्हणजे कमी सहभाग असलेल्याचा समान इरादाच सिद्ध झाला नाही असं ठरवणं आणि त्याला दुखापतीच्या कलमाखाली दोनचार वर्षं देणं. कधी ते पुराव्याला धरून असतं. कधी निकाल वाचताना जाणवतं, की न्यायाधीशाला जन्मठेप जड वाटली आणि मग दोषाचं कलम बदललं. शिक्षेचा प्रश्न दोषाच्या टप्प्यावर सोडवला गेला, की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. मृताच्या घरच्यांना वाटतं हात धरणारा सुटला, आणि कायद्यात कलम ३४ चा अर्थ दर खटल्यागणिक आकसत-पसरत राहतो.

दुसरी वाट फाशी आणि जन्मठेप यांच्यामधली. मृत्युदंडाच्या बाबतीत तरी दोन पायऱ्या असतात, म्हणून सहभागाचं मोजमाप तिथेच सगळ्यात जास्त झालं आहे. १९५३ च्या दलीपसिंग खटल्यात प्राणघातक वार कोणाचा हे कळत नाही म्हणून सत्र न्यायाधीशाने फाशी दिली नव्हती. उच्च न्यायालयाने ती दिली. सर्वोच्च न्यायालयात बोस यांनी सत्र न्यायाधीशाचा निर्णय पुन्हा बसवला. १९८० च्या बच्चनसिंग निकालात शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींची जी यादी आली, ती डॉ. चितळे यांनी युक्तिवादात सुचवलेली होती. त्यात एक बाब अशी, की आरोपीने दुसऱ्याच्या दबावाखाली किंवा वर्चस्वाखाली कृत्य केलं का. सहआरोपींच्या खटल्यात ही बाब सोन्यासारखी आहे, आणि सर्वात कमी वापरली गेलेलीही.

मोजमाप करायचं ठरलं, की लगेच प्रश्न येतो: जास्त दोषी कोण, हात की डोकं? मुंबईच्या १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. दहशतवादविरोधी टाडा कायद्याखालच्या न्यायालयाने फाशी दिलेल्यांत गाड्या आणि बॉम्ब प्रत्यक्ष ठेवणारे होते आणि पैशांची, प्रवासाची व्यवस्था पाहणारा याकूब मेमनही होता. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉम्ब ठेवणाऱ्या दहाजणांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि याकूबची कायम ठेवली. न्या. सदाशिवम आणि न्या. चौहान यांनी धनुर्धर आणि बाण अशी विभागणी केली: याकूब आणि फरार सूत्रधार हे धनुर्धर, बाकीचे नुसते बाण. हे दहाजण गरीब घरचे होते, त्यांना वापरून घेतलं गेलं, हेही निकालात आहे. ३० जुलै २०१५ रोजी याकूबला नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. विभागणी मला तत्त्व म्हणून पटते. योजणारा माणूस शांत डोक्याने, वेळ घेऊन, दुसऱ्याचे हात वापरून मारतो. पण खरे धनुर्धर देशाबाहेर असताना जो हाती लागला त्याच्यावर सगळ्यांच्या वाट्याची शिक्षा पडली का, ही शंका त्या निकालाने मिटलेली नाही.

राजीव गांधी खून खटल्यात याच प्रश्नाचा दुसरा चेहरा दिसला. मारणारी स्वतःच स्फोटात मेली, सूत्रधार शिवरासनने पकडला जाण्याआधी जीव दिला. उरले ते कडेचे लोक. १९९८ च्या जानेवारीत टाडा न्यायालयाने २६ जणांना, म्हणजे उभ्या राहिलेल्या सगळ्यांनाच, फाशी दिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ जणांना खुनाच्या आरोपातून सोडलं, तिघांना जन्मठेप दिली आणि चौघांची फाशी ठेवली. त्या चौघांत एक नलिनी. न्या. के. टी. थॉमस यांनी तिच्या फाशीला वेगळं मत नोंदवलं: ती ओढली गेलेली होती, आणि नवऱ्यालाही फाशी झालेली असताना त्यांचं लहान मूल पोरकं होईल. बाकी दोघा न्यायमूर्तींनी ते मानलं नाही. २००० मध्ये तिची फाशी सरकारी पातळीवर बदलली. पेरारिवलनवर नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा ठपका होता, अटकेवेळी तो १९ वर्षांचा होता. त्या बॅटऱ्या कशासाठी हे आपल्याला माहीत नव्हतं, हे त्याचं वाक्य जबाब नोंदवताना आपण गाळलं, असं सीबीआयच्या निवृत्त अधिकाऱ्याने कित्येक वर्षांनी सांगितलं. २०१४ मध्ये फाशी रद्द, १८ मे २०२२ ला सुटका. सहआरोपींच्या शिक्षेत सगळं वजन कधीकधी एका वाक्यावर असतं. त्याला माहीत होतं का, एवढ्या एका गोष्टीवर.

महाराष्ट्रातले अलीकडचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. कोपर्डीच्या मुलीवरच्या बलात्काराच्या आणि खुनाच्या खटल्यात अहमदनगरच्या न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांनाही फाशी दिली: मुख्य आरोपीला अत्याचार आणि खुनाबद्दल, बाकी दोघांना कट आणि साथीबद्दल. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडलं. हे दोघे सूत्रधार नव्हेत, सूत्रधार दुसराच कोणी आहे आणि तपास यंत्रणा त्याच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, असं न्यायालयानेच नोंदवलं. एका खटल्यात साथ देणाराही करणाऱ्याच्या बरोबरीने तोलला गेला. दुसऱ्यात करणारे सापडले आणि करवणारा सापडलाच नाही. ओंकारेश्वर पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी जे घडलं, त्याची शिक्षा पूर्ण झाली असं म्हणण्याची माझी तयारी नाही.

तिसरी वाट माफीच्या साक्षीदाराची. सहभागाच्या मोजमापाला ती पूर्ण वळसा घालते. जोशी-अभ्यंकर हत्याकांडात पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या चार तरुणांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फाशी झाली. त्यांच्यासोबत असलेला पाचवा माफीचा साक्षीदार झाला. त्या प्रकरणावर बेतलेला मराठी चित्रपटही ‘माफीचा साक्षीदार’ याच नावाने आला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातही आरोपी रेणुका शिंदेचा नवरा सरकार पक्षाकडे गेला. साक्षीदाराशिवाय असे कट उघडे पडत नाहीत हे खरं. तरीही कोण सुटणार हे त्याने किती केलं यावर ठरत नाही. तो किती सांगू शकतो आणि पोलिसांशी आधी कोण बोलला, यावर ठरतं. निदान माफी देताना त्याचा सहभाग लेखी नोंदवला जावा आणि बाकीच्यांची शिक्षा ठरवताना तो शेजारी ठेवून पाहावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

बाहेरच्या देशांतही हाच पेच आहे. इंग्लंडमध्ये २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छतावर १६ वर्षांच्या ख्रिस्तोफर क्रेगने पोलिसाला गोळी घातली, तेव्हा त्याचा साथीदार डेरेक बेंटली आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. क्रेग वयाने लहान म्हणून फासावर गेला नाही, दहा वर्षांनी सुटला. १९ वर्षांच्या, मंदबुद्धी बेंटलीला जानेवारी १९५३ मध्ये फाशी दिली. त्याची शिक्षा १९९८ मध्ये रद्द ठरली, ४५ वर्षांनी. साथीदार खून करू शकतो याची कल्पना असणं म्हणजेच खुनाचा इरादा, हा १९८४ पासून रूढ झालेला नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जोगी निकालात चुकीचा ठरवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एनमंड खटल्यात गाडीत थांबलेल्या साथीदाराची फाशी घटनाबाह्य म्हटली आणि पाच वर्षांत टायसन खटल्यात त्यातून अर्धं पाऊल मागे घेतलं. जर्मनीचा कायदा मला सगळ्यात सरळ वाटतो. तिथे साहाय्यकाची शिक्षा कमी करणं न्यायाधीशाला बंधनकारक आहे. मुख्य आरोपीला जन्मठेप असेल तर साहाय्यकाला ३ ते १५ वर्षं. आउशवित्झमध्ये पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ऑस्कर ग्रोनिंगला २०१५ मध्ये तीन लाख खुनांत साहाय्य केल्याबद्दल चार वर्षं झाली. आकडा ऐकून धक्का बसतो. पण त्या न्यायालयाला त्याला निर्दोष म्हणावं लागलं नाही आणि खुनीही म्हणावं लागलं नाही.

अशी पायरी आपल्याला परकी आहे असंही नाही. महाराष्ट्राच्याच १९९९ च्या मोक्का कायद्यात, ज्याच्या कडकपणाबद्दल एवढं बोललं जातं, संघटित गुन्ह्यात माणूस मेला तर मृत्यू किंवा जन्मठेप आहे. पण कट करणाऱ्याला आणि मदत करणाऱ्याला किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येते. टोळीवाल्यांच्या कायद्याला जे जमतं ते साध्या खुनाच्या कलमाला का जमू नये? जुन्या दंड संहितेचं कलम ३८ तर १८६० पासून सांगतं, की एकाच कृत्यात सामील असलेले लोक वेगवेगळ्या गुन्ह्यांचे दोषी असू शकतात. नव्या संहितेतही ते आहे. निकालांत मात्र ते क्वचित दिसतं. उलट संसदेने अलीकडेच एक दार बंद केलं. जात, धर्म, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिकजणांनी मिळून केलेल्या खुनासाठी न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात वेगळं पोटकलम आलं. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या मसुद्यात तिथे मृत्यू, जन्मठेप किंवा किमान सात वर्षं असे तीन पर्याय होते. झुंडीचा खून साध्या खुनापेक्षा हलका लेखला जातो, या रास्त आक्षेपामुळे तो तिसरा पर्याय गेला. आक्षेपाला उत्तर देताना झुंडीतल्या शेवटच्या रांगेतल्या पोरासाठी असलेली जागाही गेली. मुख्य मारेकऱ्यांना ती पायरी नाकारून साहाय्यकांपुरती ठेवता आली असती.

कायदा बदलेपर्यंत न्यायाधीशांच्या हातात एक गोष्ट आहे. दोष ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकण्याची तरतूद १९७३ च्या संहितेपासून आहे. पुष्कळदा ती सुनावणी त्याच दिवशी होते आणि सगळ्या आरोपींचे वकील वय, आईवडील आणि लहान मुलं एवढंच सांगतात. इंदूरमधल्या तीन स्त्रियांच्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, मनोज खटल्याच्या निकालात, प्रत्येक आरोपीची माहिती स्वतंत्रपणे मागवण्याची पद्धत घालून दिली: घरची परिस्थिती, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वागणं. ती फाशीच्या खटल्यांपुरती आहे. जन्मठेपेच्या खटल्यांतही प्रत्येक आरोपीच्या सहभागावर, वकिलांच्या भाषेत त्याच्या ‘रोल’वर, निकालात एक परिच्छेद असायलाच हवा, मग शिक्षेचा आकडा सगळ्यांचा एकच का असेना.

तो परिच्छेद वाया जात नाही, कारण जन्मठेपेचा खरा हिशेब नंतर होतो. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसेच्याच अर्जावर सांगितलं. १४ वर्षांनंतर कोणाला सोडायचं हे सरकार ठरवतं. सहआरोपींतला फरक करायची खरी जागा आज ती आहे: मंत्रालयातली फाईल, बंद दाराआड. महाराष्ट्राने १९९२ पासून यासाठी मार्गदर्शक नियम वेळोवेळी काढले आणि खुनांचे वर्ग पाडून वर्षं ठरवली. पण वर्ग पडतो तो खुनाचा. त्यात एकेकाचा वाटा किती होता याला दुय्यम जागा मिळते. बिल्किस बानो प्रकरणात मुंबईत दोषी ठरलेले ११ जण गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी एका झटक्यात, एकगठ्ठा सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता.

सोडण्याआधी ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशाचं मत मागवता येतं. ते मत कारणांसह असावं, छापील शेरा नको, असं २०२२ मध्ये रामचंदर विरुद्ध छत्तीसगड या निकालात ठरलं. १४-१५ वर्षांनी हा कागद येतो, तेव्हा खटला चालवणारे न्यायाधीश निवृत्त झालेले असतात. साक्षीदारांना ज्यांनी पाहिलं-ऐकलं ते कोणी तिथे नसतं. नव्या न्यायाधीशासमोर फक्त जुना निकाल असतो. त्यात कोयता कोणाच्या हातात होता, मोटरसायकलवर कोण थांबलं होतं आणि त्याला काय माहीत होतं हे लिहिलेलं असेल, तर तो दोघांबद्दल दोन वेगळी मतं देऊ शकेल. ‘सर्व आरोपींनी समान इराद्याने’ एवढंच लिहिलेलं असेल, तर दोन्ही फाइलींवर त्याला तेच मत लिहावं लागेल.